इब्राहिमभाईंची निळी बादली

इब्राहिमभाई मासे धरायला निघाले की गळ विसरत, चहाचा थर्मास विसरत, एकदा तर मलाच विसरले. पण निळी प्लास्टिकची बादली कधी विसरले नाहीत. पाण्याकाठी पोचलं की आधी ती भरायची. धरलेला मासा तिच्यात जिवंत राहिला पाहिजे. "पाण्यासमोर मासा मारू नये रे सावंता," ते म्हणत. "पाणी बघतंय."

हर्णैकडचा हा माणूस ओमानातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत माझा फोरमन होता. शिकारीला बंदी, आणि बंदूक तर आम्ही बापजन्मी धरली नव्हती. म्हणून शुक्रवारच्या सुट्टीला पिकअप काढून डोंगरात माशांमागे जायचो.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मला येऊन चारच महिने झालेले. डोंगरातल्या एका गावाजवळ खजुरीच्या झाडीतून दगडी पाट वाहत होता. तिकडे त्याला फलज म्हणतात. त्यात बोटबोटभर मासे! गावचा पऱ्या, घरामागचा ओहोळ आठवला, तोंडाला पाणी सुटलं. लुंगी आडवी धरली आणि अर्ध्या तासात बादलीत पन्नासेक मासे. मी तिथंच साफ करायला सुरी काढली. इब्राहिमभाईंनी हातावर चापट मारली. "दम खा जरा, हावरटा!"

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला, मागून चौघे. म्हातारा अरबीत नुसता कडाडत होता. इब्राहिमभाईंचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "हे मासे पाण्याचे राखणदार हायत. पाणी नासलं तर आधी हे मरतात, मग गाव ते पाणी पीत नाय. आपल्या अर्बाबाला कळवतो म्हणतोय."

मालकाला कळलं की माझा व्हिसा खलास. चार महिन्यांत परत जाऊन आईला काय तोंड दाखवणार होतो?

इब्राहिमभाई वाद घालत बसले नाहीत. बादली उचलून पाटात अलगद कलती केली. मासे सळसळत निघून गेले. एक मात्र उताणा तरंगत राहिला. म्हातारा त्याच्याकडेच बघत होता. इब्राहिमभाईंनी गुडघ्यावर बसून त्याला ओंजळीत घेतला, वाहत्या पाण्यासमोर धरला. हल की रे मेल्या, मी मनात म्हणत होतो. त्यानं शेपूट मारलं आणि गेला.

म्हातारा हसला. घराकडे काठी करून म्हणाला, "यल्ला, कहवा!" म्हणजे चला, कॉफी घ्यायला. माझा जीव भांड्यात पडला. खजुराचं ताट पुढं आलं तेव्हा इब्राहिमभाईंनी कोपर मारलं. "सुरी आत ठेव आता. खजुराला लागत नाय."

मी पुढं चौदा वर्षं ओमानात काढली. ते आधीच गावी परतले, जाताना बादली मला देऊन. मागच्या वर्षी ते वारले. बादलीला आता चीर पडलीय, पाणी राहत नाही. बायको म्हणते, नवी घ्या. पण ही बादली नाही तर मासे धरायचे कशाला? मी गळच टांगून ठेवलाय.