आळशी भाषेला कामाला लावलं तेव्हा

लेथ मशीनच्या तेलाचा वास आला की मला कुपवाडची ती दुपार आठवते आणि छाती आपोआप फुगते. घरची वीज गेली म्हणून मी लॅपटॉप घेऊन थोरल्या भावाच्या वर्कशॉपमध्ये, जनरेटरच्या आश्रयाला बसलो होतो. मी ज्या फंक्शनल भाषेत प्रोग्राम लिहितो, तिच्या जगभरच्या मंडळींनी कळवलं होतं की माझं पॅकेज, म्हणजे इतरांना वापरायला मी लिहून दिलेला कोडचा गठ्ठा, फार मेमरी खातं, संध्याकाळपर्यंत सुधारलं नाही तर ते सगळ्यांच्या सामायिक संचातून काढून टाकू. "तोंड का पाडलंस रं?" भावानं विचारलं. मी म्हणालो, "दादा, ही भाषाच आळशी हाय. उत्तर मागेपर्यंत बेरीज करत न्हाई, नुसती कामं साठवून ठेवते, त्यातच मेमरी भरते." तो पोट धरून हसला. "मग तुजीच बहीण म्हण की!" मला असा राग आला की त्या रागातच मी कोडमध्ये सक्ती घातली: बेरीज समोर आली की तिथल्या तिथे करायची, पुढं ढकलायची नाही. प्रोग्राम पुन्हा चालवला. मघापासून घोंघावणारा लॅपटॉपचा पंखा गप्प झाला, मेमरीची चढती रेघ आडवी झाली, आणि मी स्टुलावर चढून, नाटक संपल्यावर नट वाकतात तसा कामगारांपुढं वाकलो. सुधारलेला कोड लगेच पाठवला. दिवेलागणीला परदेशातून उत्तर आलं, पॅकेज संचात राहिलं. भाऊ ओरडला, "चहा सांगा रं सगळ्यांना, आमच्या धाकट्यानं आळशाला कामाला लावलं!" पॅकेज म्हणजे काय, हे त्याला अजूनही ठाऊक नाही, पण भेटला की चारचौघांत मुद्दाम मोठ्यानं विचारतो, "हाय न्हवं रं आपलं त्यात?" आणि मीही त्याच्याहून मोठ्यानं सांगतो, "हाय की, दादा!"