विंगेतली झीटसुंदरी

दुसऱ्याचं वाक्य मध्येच अडकलेलं प्रॉम्प्टरकाकूंना बघवत नसे. दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या या काकू मंडळाच्या नाटकांना विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत, आणि एरवी साऱ्या बडोद्याला. सत्यनारायणाला गुरुजी अडखळले की काकू कुजबुजत. मुलांनो, तुमच्या आईला बघायला आलेला मुलगा स्वतःचं नाव सांगताना थांबला, तेव्हा ते काकूंनीच सांगितलं. तेच तुमचे बाबा.

नाटकात मात्र पदरचा एक शब्द त्यांनी कधी घातला नाही. मला म्हणत, "सुधा, लिहिलंय तेवढंच द्यायचं."

त्यांचे यजमान अप्पा नाटकं लिहीत. टीव्हीवर सौंदर्यस्पर्धा सुरू झाल्या, रावपुऱ्यात गल्लोगल्ली ब्यूटी पार्लरं निघाली, तसे अप्पा भडकले. "प्रेम म्हणजे अपचन आणि सौंदर्य म्हणजे त्याची जाहिरात," असं म्हणून त्यांनी 'झीटसुंदरी' लिहिलं. राजकन्या इतकी सुंदर, की बघणाऱ्याला झीट येते. राजपुत्र धडाधड पडतात. शेवटी म्हातारा राजवैद्य येतो, तिला निरखतो आणि ताठ उभा राहून म्हणतो, "यात पडण्यासारखं काय आहे?" नाटकाचा सगळा डंख त्या वाक्यात. वैद्याचं काम अर्थातच अप्पांचं.

अडचण राजकन्येची होती. कोणाचीही मुलगी निवडली असती, तर बाकीच्या घरांतून गणपतीच्या आरतीला कोणी फिरकलं नसतं. म्हणून अप्पांनी ठरवलं, राजकन्या दिसणारच नाही. सगळ्यांनी डाव्या विंगेत बघून पडायचं.

डाव्या विंगेत काकू बसत. जाड चष्मा, पंख्याचं वारं लागू नये म्हणून कानांना मफलर, तोंडात लवंग.

पहिल्याच तालमीत बँकेतले जोशी "हे चंद्रवदने" म्हणताना फिसकन हसले. काकू म्हणाल्या, "आत्ताच हसू नका. पुढे 'मृगनयने' आहे, ते आणखी जड जाईल." रमणभाईंचं मराठी यथातथाच, पण ते पडत फार सुरेख, म्हणून त्यांना घेतलं होतं. आता पडू का, असं ते दर वाक्याला गुजरातीत विचारत, "काकी, हवे पडुं?"

"थोभो, रमणभाई. अजून ओठ राहिलेत."

नाटकातल्या सामानाची जबाबदारी माझ्याकडे असल्यानं मी काकूंच्या शेजारीच असे. एकदा त्या म्हणाल्या, "सगळा संसार झाला, पण यांनी मला एकदा तरी नीट बघितलंय का, शंकाच आहे. आमटीत मीठ कमी पडलं की तेवढी मान वर होते. आता प्रयोगात तरी बघावं लागेल." कारण तालमीत अप्पा ते वाक्य रिकाम्या खुर्च्यांकडे बघूनच म्हणत.

प्रयोगाच्या दिवशी राजपुत्रांचा ढीग पडला. अप्पा आले, विंगेकडे वळले आणि बघतच राहिले. काकूंनी ओळ दिली, "यात पडण्यासारखं..." पुन्हा दिली. अप्पांची नजर हलेना. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. काकूंनी संहिता मिटली, चष्मा सारखा केला आणि त्या कुजबुजल्या, "अहो, मग पडा तरी."

जन्मभर विंगेचं ऐकत आलेले अप्पा धाडकन पडले, तेही मूर्च्छित रमणभाईंवर. रमणभाई "ओय मा" म्हणाले. नाटकाचा डंख गेला तो गेलाच. टाळ्या मात्र थांबेनात.

घरी जाताना अप्पा म्हणाले, "गुडघा दुमडला. दुसरं काही नाही."

"असू दे," काकू म्हणाल्या. "गुडघ्याला तरी दिसले."

फोनवर तुमचं मराठी अडलं की मी लगेच शब्द पुरवते, ही सवय काकूंची. पण त्या गेल्यावर अप्पांना शब्द पुरवणं मला जमलं नाही. भेटायला आलेल्यांशी उभ्यानं बोलता बोलता त्यांचं वाक्य अडके. मग ते डावीकडे बघत, जरा वाट पाहत, आणि खाली बसत.