दोन फुग्यांमधलं अंतर

निपाणीत वीस वर्षं विड्या वळून अक्काताईला तंबाखूच्या धुळीनं दम लागू लागला. ती बेळगुंदीला माहेरी परतली आणि हायस्कूलच्या प्रयोगशाळेत झाडलोट, मांडामांड करायला लागली. काचेच्या नळ्या धुता धुता तास कानावर पडायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी विज्ञानाच्या भैरवीबाईंनी दोन फुगे स्वेटरवर घासले आणि एकाच खिळ्याला टांगले. दोन्हींवर सारखीच वीज चढलेली, म्हणून फुगे एकमेकांपासून लांब जायला हवे होते. ते बिलगूनच राहिले. पोरं हसली, बाईंचा चेहरा उतरला.

अक्काताईनं दोरा चिमटीत धरून बघितला. विडीच्या पानातली ओल बोटांनी ओळखायची सवयच होती तिला. "बाई, दोरा दमट हाय. वीज त्यातनंच गळत्या काय?"

"असेल हो!" बाई म्हणाल्या.

तिनं फुगे नि स्वेटर उन्हात ठेवले, सुती दोरा काढून शिवणातला, काज करायचा रेशमी दोरा बांधला. दुपारी बाईंनी फुगे पुन्हा दहा-दहा वेळा घासले. सोडताक्षणी फुगे फटकन फाकले आणि तसेच तिरके तरंगत राहिले. मधे काहीच नव्हतं.

बाईंनी पट्टी तिच्याच हाती दिली. फुग्यांना न शिवता तिनं मोजलं. चाळीस सेंटिमीटर. दोरा मीटरभर, फुगा दोन ग्रॅमचा. बाईंनी आकडेमोडीनं फळा भरून टाकला आणि वळल्या.

"स्वेटरवरनं एकेका फुग्यावर दीड लाख कोटी तरी इलेक्ट्रॉन आलेत. अंदाजच आहे, थोडं इकडंतिकडं होईल."

"दिसत न्हाईत, मग मोजलं कसं?"

"दिसत नाहीत, पण ढकलतात ना? किती ढकललं ते तुम्हीच मोजलंत."

अक्काताई बाकावर टेकली. "दिवसाला हजार म्हटलं तरी साठ लाख विड्या वळल्या असतील मी. लई वाटायच्या."

बाईंनी भागाकार केला. "तुमच्यासारख्या अडीच लाख बायका वीस-वीस वर्षं बसल्या, तर या इलेक्ट्रॉनांएवढ्या विड्या होतील."

आणि हे सगळं दहा वेळा घासण्यात! ती उठून फुग्यांपाशी गेली.

"हात नेऊ जवळ?"

"न्या की. हातावर वीज चढलेली नाही, तो फुग्याला ढकलणार नाही, ओढेल."

तिनं तळवा पुढं केला. वारा नव्हता, कुणी ढकललं नव्हतं. फुगा हळूच वळला आणि तिच्या हाताकडं येऊ लागला. अक्काताईनं श्वास रोखून धरला.