चांगलंच आभाळ

विमान शिकायचं म्हणजे आधी उडायचं नसतं, आधी पाठ करायचं असतं. यवतमाळच्या धावपट्टीशेजारी पत्र्याच्या खोलीत बसून आम्ही तेच करायचो. नागपूर विमानतळाभोवतीच्या हवेला मालक आहे, रेडिओवर परवानगी मागितल्याशिवाय तिथे शिरायचं नाही. आमच्या डोक्यावरची हवा बिनमालकाची. टॉवर नाही, कोणी विचारणारा नाही, म्हणून आपण कुठे आहोत ते आपणच रेडिओवर सांगत राहायचं. आणि शिकाऊ माणसाने ढगात शिरायचं नाही. ढग दिसला की लांब राहायचं, जमीन नजरेआड होऊ द्यायची नाही.

आमचे शिक्षक पंजाबकडचे. बोलायचे हिंदीत, पण पहिलीचं बालभारती आणून मराठी शिकायला घेतली होती आणि शिकलेला प्रत्येक शब्द कुठेतरी वापरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चहावाल्यालाही ते ‘आभारी आहे’ म्हणायचे. तो बिचारा दचकायचा.

ती वर्षं कापसाच्या दैनेची होती. बाहेरगावी कुणाला यवतमाळ सांगितलं की समोरचा लगेच चेहरा पाडायचा, जणू आम्ही सगळे सुतकातच जन्मलो. मला त्याचा भयंकर राग यायचा. आमचं घर नोकरदारांचं, कापूस होता मावशीकडे, वणीजवळ. भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, तरी वेचणीच्या पहिल्या दिवशी मावशी शेतात सीतादही करायचीच. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, वेचायला आलेल्या बायकांना वाढायचं आणि मग घरच्या बाईने पहिलं बोंड वेचायचं, तोवर कुणी कापसाला हात लावायचा नाही.

मला एकटीने वणीपर्यंत उडून परत यायचं होतं. पहिलाच एवढा लांबचा पल्ला. मावशीला कळलं तशी ती फोनवर म्हणाली, “सीतादहीच्या दिवशीच येजो. साऱ्या बाया वरतं पाहून राह्यतीन. या वर्साले पाह्यासारखं काई तरी होऊ दे, माय.”

मी सरांच्या मागे लागून तोच दिवस मिळवला.

त्या सकाळी नागपूरचा हवामानाचा अहवाल छान होता, पण वणीकडचं सांगणारं कोणी नव्हतं. मी विमानाचं पेट्रोल तपासत होते, तेवढ्यात सरांनीच माझ्या मोबाइलवरून मावशीला फोन लावला. मग मला अंगठा दाखवून म्हणाले, “मौसीजी से पूछ लिया. एकदम साफ है.”

निम्मी वाट झकास गेली. खाली वणीचा रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरी ठिपकेदार शेतं. एकटीच होते, म्हणून मोठ्याने गातही होते. मग पुढे करड्या रंगाची भिंत उभी राहिली. जवळ गेले तशी ती खाली उतरत आली आणि रस्ता तिच्याखाली नाहीसा झाला. डाव्या हाताला एक फट उजळ दिसत होती. तिच्यातून पलीकडे गेलं की मावशीचं शेत, आणि माना वर करून उभ्या असलेल्या बायका. जावं का? खरं सांगते, मला जायचंच होतं. त्या बायकांना वर्षभरात दुसरं काय मिळालं होतं? पण फट माझ्या डोळ्यांदेखत बारीक होत गेली आणि मी विमान वळवलं. परतीच्या वाटेवर संतापाने रडत होते. साफ आहे म्हणून सांगते काय ही मावशी!

उतरल्याबरोबर सरांना विचारलं, “ती नेमकं काय म्हणाली?”

“बोलीं, चांगलंच आभाळ आहे,” सर अभिमानाने म्हणाले. “चांगला मतलब अच्छा, आभाळ मतलब आसमान. सब समझ गया मैं.”

आता यांना काय सांगायचं! आभाळ असणं म्हणजे ढग असणं, आणि चांगलंच आभाळ म्हणजे भरून आलेलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं, पण पहिलीच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. मी सांगितलं तेव्हा सर मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून माझा राग पळाला. नंतर फळ्यावर त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आभाळ आहे – उड़ना नहीं’, आणि ते पुढे कुणाला पुसू दिलं नाही.

मी मावशीला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

“कुठं हायेस तू?”

“यवतमाळलाच. उतरले. मावशी, मी अर्ध्यातून परत आले गं. तुझ्या बायकांना विमान दिसलंच नाही.”

ती फोन बाजूला धरून ओरडली, “बाया हो, पोरगी उतरली! चाला आता वेचाले!”

“म्हणजे? अजून वेचणी सुरूच केली नाहीस?”

“कशी करू? सकाळीच त साहेबाले सांगतलं, चांगलंच आभाळ हाय. ते म्हने, बढिया, भेज रहा हूँ, अन् फोनच ठेवला, मंग लागलाच नाई. तवापासून कान वरतंच होते माये. बाया म्हनत, काकू, थेंब पडून राह्यले, बोंडाले हात त लावा. पन तुया पत्ता लागल्याबिगर हात चालन काय माया?”

मी विचारलं, “मग कापूस?”

“भिजला थोडासा,” मावशी म्हणाली. “वाळन न, माय.”