हिरवं पाणी

इमारतीचं हीटिंग सांभाळणाऱ्या लुआन मिस्त्रीचा पाय जिन्यावर जड झाला होता. गेल्या आठवड्यात याच जिन्यात त्याने थोंग आजीला सगळ्या शेजाऱ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

घर तापवणाऱ्या रेडिएटरमधलं गरम पाणी काढून फरशी पुसायची, ही उत्तर चीनमधल्या चिचिहार शहराची जुनी खोड. पाणी घटलं की पाइपांतला दाब पडतो आणि वरचे मजले गारठतात. यंदा दाब रोजच पडत होता. आजी रोज जिना पुसायची, म्हणून संशय तिच्यावर.

"पाणी चोरायचं आणि वर घर तापत नाही म्हणून बोंबलायचं?" लुआन तिला म्हणाला होता. मग चोर रंगेहाथ सापडावा म्हणून त्याने पाण्यात हिरवा रंग कालवला.

तो रंग आज सापडला त्याच्याच पंपघरात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून हिरवं पाणी गटारात चाललं होतं. तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीत हवा भरायला तोच विसरला होता, म्हणून जादा पाणी रोज व्हॉल्व्हमधून बाहेर पडत होतं. हवा भरली आणि दाबाचा काटा जागच्या जागी थांबला.

आजीने दार उघडलं. अंगावर जाड कोट, डोक्याला टोपी, आणि घर बर्फासारखं गार. रेडिएटरची चावी तिने बंद करून वर सुतळी गुंडाळली होती.

"तेव्हापासून हात नाही लावला रे बाबा. आता तरी टिकतोय का दाब?"

नुसतं 'हो' म्हटलं तर आजीच चोर ठरत होती. लुआनच्या तोंडून तेवढं 'हो'च निघालं.