थॉर्लींच्या शाळेचं सरपण

डॉक्टर अँब्रोज थॉर्ली इंग्लंडहून जहाजानं आला, तेव्हा बोस्टनच्या वरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मी सुईणपण करतच होते. अर्ध्या गावाची नाळ मी कापलेली. तरी लॅटिन पुटपुटत, औषध म्हणून लोकांची शीर कापून रक्त काढणाऱ्या त्या माणसाचंच सगळ्यांना कौतुक! प्रार्थनाघरात त्याला पुढचं बाक, मला दाराजवळचं. बरं, माणूस वाईटही नव्हता. तेच जास्त झोंबायचं.

मरताना त्यानं राहतं घर गावच्या शाळेला दिलं. मुलगा पुढच्या खोलीत मुलग्यांना लॅटिन शिकवू लागला, मुलगी लिडिया स्वयंपाकघरात मुलींना अक्षरं. झालं! ज्याच्या त्याच्या तोंडी थॉर्ली.

माझी नात हेप्सी आईबापाविना माझ्याच हाताखाली वाढलेली. माझं काम तिनंच पुढे चालवायचं होतं. तीही त्या शाळेत जायला लागली नि उठताबसता लिडियाबाईंचं नाव घ्यायला लागली.

“आजी, काढा तू अंदाजानं करतेस? लिडियाबाईंचे वडील माप लिहून ठेवायचे.”

“मग जा, त्यांनाच आजी म्हण!” अंगाची नुसती लाहीलाही झाली माझ्या.

शाळेत ज्यानं त्यानं आपलं सरपण पाठवायचं. घरून लाकूड आलं नाही, तर पोरीनं चुलीपासून लांब, दाराशी बसायचं. मी काटकीसुद्धा पाठवली नाही. म्हटलं, कुडकुडली की येईल मुकाट परत.

संध्याकाळी पोर आली ती हसत.

“थंडी नाही वाजली?”

“छे! लिडियाबाईच दाराशी येऊन बसल्या. डॉक्टरांचा जुना डगला आम्ही दोघींनी पांघरला.”

म्हणजे मेल्यावरही तो म्हातारा माझ्या नातीला ऊब देणार? सकाळी बर्फावरून घसरगाडी ओढत मी ओकची सुकी लाकडं नेली. आख्ख्या गावात कुणी दिली नसतील एवढी.

“टॉमसिनकाकू, इतकी कशाला?” लिडिया म्हणाली.

“माझी नात माझ्या लाकडांवर शेकेल. तुमचा डगला ठेवा घडी करून.”

चूल धडधडून पेटली. पोरी सरकत पुढे आल्या. हेप्सी दाराशीच, लिडियाशेजारी त्या डगल्यात.

“जा गं, आजीनं तुझ्यासाठी आणलंय,” लिडियानंच सांगितलं.

“नको बाई,” हेप्सी तिला आणखी बिलगली. “मला इथेच बरं वाटतं.”

माझ्या लाकडांवर लोकांच्या पोरी मजेत हात शेकत होत्या.