देऱ्याचा ऑपरेटर शिकायला निघाला

दुबईत देरा भागात, खाडीपासून चार गल्ल्या आत, एक उघडं थिएटर होतं. चार भिंती, चुन्याने रंगवलेला पडदा, पुढे चटया, मागे लोखंडी खुर्च्या आणि कडेला कनात लावून बायकांसाठी केलेली जागा. डोक्यावर थेट आभाळ. मगरिबची नमाज आटोपली की हिंदी सिनेमाचा पहिला खेळ सुरू व्हायचा. प्रोजेक्टर चालवायचा हमदुल्ला परकार. हा हर्णैचा. मॅट्रिक झाल्यावर बोटीने इकडे आलेला, दिवसा लोकांच्या घरी वायरिंग करणारा, संध्याकाळी ऑपरेटर.

१९६३ च्या हिवाळ्यात एका खेळाला मध्येच आवाज गेला. अँप्लिफायर जळाला होता आणि सुटा भाग मुंबईहून यायचा होता. चित्र मात्र चालू होतं. लोक ओरडायला लागले. थिएटरचे मालक नूरुद्दीनशेठ, श्रीवर्धनचे, धावत केबिनमध्ये आले.

“हमदुल्ला, काहीतरी कर. पब्लिक खुर्च्या मोडेल.”

या सिनेमाचा चौथा आठवडा चालला होता. हमदुल्लाला शब्द न् शब्द पाठ. त्याने मदतनिसाला मशीनजवळ बसवलं, पत्र्याचा कर्णा घेतला आणि पडद्याशेजारी स्टुलावर उभा राहिला. नायक तोच, खलनायक तोच, विधवा आईसुद्धा तोच. पडद्यावर दार उघडताना त्याने वेताची खुर्ची पिळून करकरवली. नायिका पळाली तेव्हा स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा हलवून पैंजण केले. आईच्या रडण्याला लोक आधी हसले, मग गप्प झाले. खेळ संपल्यावर कनातीमागून त्याची बायको बदरुन्निसा बाहेर आली ती डोळे पुसत. हसून रडली की रडून हसली, ते तिने कधी सांगितलं नाही.

त्या गर्दीत वॉलेस नावाचे एक इंग्रज मास्तर होते. ते ट्रेड स्कूलमध्ये रेडिओचं काम शिकवायचे. हिंदी त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हमदुल्लाला गाठून अरबीत विचारलं, “हे तू कुठे शिकलास?”

“शिकलो कुठे साहेब, वेळ मारून नेली.”

“स्टुडिओत माणसं हेच काम पगार घेऊन करतात. तुमच्या पुण्यात सिनेमा शिकवणारी संस्था निघाली आहे, तिथे साउंडचा वेगळा कोर्स आहे म्हणे.”

हमदुल्ला हसला आणि विषय सोडून दिला. पण विषय त्याला सोडेना. महिन्याभराने तो ट्रेड स्कूलच्या दारात उभा राहिला. पुण्याला जायचं तर आधी सायन्स हवं, आणि त्याच्या मॅट्रिकला वीस वर्षं होत आली होती. वॉलेससाहेबांनी त्याला चार ते सहाच्या वर्गात बसवलं. वर्गातली बाकीची मुलं सोळा-सतरा वर्षांची, अरबी बोलणारी. ती त्याला ‘या अम्मी’, म्हणजे काका, म्हणायची आणि वहीत डोकावून त्याची आकडेमोड उतरवून घ्यायची. आकडे हमदुल्लाचे पक्के होते. अडायचं ते इंग्रजी.

इंग्रजीसाठी घरातच मास्तरीण होती. मुलगी जहांआरा तेव्हा बारा वर्षांची, इंडियन शाळेत जाणारी. दुपारी बापलेक एकाच चटईवर पुस्तकं उघडून बसायचे.

“फ्रीक्वेन्सी म्हणजे एका सेकंदात किती वेळा थरथर होते ते. बरोबर?” हमदुल्ला विचारायचा.

“करेक्ट अब्बा, बट से इट इन इंग्लिश.”

“आधी समजू तर दे.”

“नो. एक्झाम इंग्लिशमध्ये आहे.”

दोन वर्षांनी सर्टिफिकेट हातात आलं. पुण्याला अर्ज गेला. तिकडून उत्तर आलं की ट्रेड स्कूलच्या अभ्यासक्रमाची आम्हाला माहिती नाही, तपशील पाठवा. वॉलेससाहेबांनी प्रत्येक विषयात काय शिकवलं ते सात पानं टाइप करून पाठवलं. मग मुलाखतीचं बोलावणं आलं. हमदुल्ला जेवता जेवता बायकोला म्हणाला, “जाऊ दे. एकोणचाळीस वय झालं. लोक काय म्हणतील, मुलगी शाळेत जायच्या वयाची, आणि बापच शाळेत?”

बदरुन्निसाने त्याच्या ताटात भात वाढला. “लोकांना मी बघते. मी शिवणकाम घेते, नूरुद्दीनशेठ खोलीचं भाडं घेणार नाहीत, त्यांच्या बायकोशी बोलून ठेवलंय मी. तुम्ही जेवतानासुद्धा ताटाच्या काठावर टिचकी मारून कान देता. असा माणूस आयुष्यभर घरात ठेवून मी काय करू?”

“म्हणजे तुझं सगळं ठरलंय.”

“खलास, विषय संपला. बोटीचं तिकीट काढा.”

पुण्यात मुलाखत घ्यायला चौघे जण बसले होते. पहिला प्रश्न अपेक्षित होता, या वयात शिकून काय करणार?

“काम करणार,” हमदुल्ला म्हणाला. “नऊ वर्षं दुसऱ्यांनी केलेले आवाज लोकांना ऐकवले. आता स्वतः करून बघायचेत.”

“उघड्या थिएटरात आवाज सांभाळणं कठीण जात असेल?”

“वाऱ्यावर असतं साहेब. वारा खाडीकडून आला की मागच्या खुर्चीवाला म्हणतो, आवाज वाढव. पलीकडच्या गल्लीतले म्हातारे शेख म्हणतात, कमी कर. मी दोघांनाही नाराज केलं नाही.”

चौघेही हसले. त्याला प्रवेश मिळाला, आणि वॉलेससाहेबांच्या सात पानांमुळे विजेचे दोन पेपर माफ झाले. त्या वेळात तो रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसू लागला. वर्गातल्या पोरांनी पहिल्या आठवड्यात त्याला शिपाई समजून चहा आणायला सांगितलं. त्याने आणलाही, आणि स्वतःचा कप घेऊन त्यांच्यातच बसला. पुढे परीक्षेच्या आधी तीच पोरं त्याच्या खोलीत गर्दी करायची, कारण प्रश्न चुटकीसरशी सोडवून दाखवणारा दुसरा कोणी नव्हता.

१९६८ च्या सुट्टीत तो दुबईला आला तेव्हा खांद्याला संस्थेचा टेप रेकॉर्डर होता. शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी त्याला समुद्रावरचे आवाज हवे होते. तो, बदरुन्निसा आणि जहांआरा एका ओळखीच्या माणसाच्या लँडरोव्हरमधून डोंगरातल्या दगडगोट्यांच्या वाटेने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला गेले. किनाऱ्यावर कोळी जाळं ओढत होते. दोन रांगा, एक म्हातारा पुढे ताल धरून हाक देणारा, बाकीचे साथ देणारे. हमदुल्ला कानाला हेडफोन लावून वाळूत गुडघे टेकून बसला. वाऱ्याची घरघर माईकमध्ये शिरत होती, म्हणून बदरुन्निसाने आपली ओढणी दुहेरी करून माईकला गुंडाळली आणि तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

“अम्मी, डोन्ट मूव्ह,” जहांआरा कुजबुजली.

“मी हलत नाहीये. तू बोलू नकोस, तुझं इंग्लिश पुण्यापर्यंत जाईल.”

तेही टेपवर गेलं, आणि हमदुल्लाने ते पुसलं नाही.

मासळी वाळूत ओतल्यावर म्हातारा जवळ आला आणि त्या पेटीत काय आहे म्हणून विचारू लागला. हमदुल्लाने टेप मागे फिरवून हेडफोन त्याच्या कानावर ठेवला. म्हातारा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने हेडफोन काढला आणि आपल्या माणसांकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाला. सगळे खो खो हसले.

“काय म्हणाले?” बदरुन्निसाने विचारलं.

“म्हणतात, हा हाक देणारा बरा आहे, पण जरा घाई करतो.”

मग म्हाताऱ्याने पुन्हा जाळ्याचा दोर उचलला आणि हमदुल्लाला खूण केली, आता नीट करून दाखवतो, चालू कर.